निर्मला काकू आणि सुमित्राबाईंची बहीण

हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींच्या साड्या बघतात. निर्मला काकू हात बघत होत्या.

भिलाईच्या सेक्टर १० मधल्या एका क्वार्टरमध्ये आम्हा मराठी घरांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कॉलेजात गेल्यापासून मी चार माणसांत बोलत नाही अशी आईची तक्रार होती, म्हणून तिने मला ओढून नेलं होतं. मी कोपऱ्यात तिळाचा लाडू हातात धरून बसले होते. एक उंच, सावळ्या बाई समोर आल्या. कुंकू लावायच्या ऐवजी त्यांनी माझं मनगट धरलं, मला खिडकीपाशी नेलं, हात पालथा करून पाहिला, उताणा करून पाहिला. मग आईला विचारलं, "हा हात कोनाचा आहे?"

आई गोंधळली. "माह्या पोरीचा आहे जी."

"मले पाहिजे. रविवारी दोन-तीन घंटे. परत करीन."

बाकीच्या बायका हसल्या. आईला कळेना की हसायचं की नाही. मलाही कळलं नव्हतं. निर्मला काकू मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या हातातला लाडू काढून ताटलीत ठेवला आणि रिकामा हात पुन्हा एकदा पाहिला.

त्यांचं आडनाव भोयर. भोयर काका स्टील प्लँटमध्ये क्लार्क होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. पण टाउनशिपमध्ये क्वार्टर विचारायचं तर भोयरांचं कोणी विचारत नसे, 'पेंटरबाईंचं' विचारत. काकू तैलरंगात माणसं रंगवायच्या, तीही ऑर्डरची. कोणाचे वडील, कोणाची सासू, कोणी रिटायर झालेला फोरमन. बहुतेक वेळा ज्याचं चित्र असे तो माणूस गेलेला असे, आणि मागे असे एखादा पासपोर्टचा फोटो किंवा कोणाच्या तरी लग्नातला घोळका. चेहरा फोटोतून मिळायचा. हात, खांदे, पदराच्या चुण्या, मांडीवरचा साडीचा ताण, हे फोटोत कुठे असतं? त्यासाठी त्यांना जिवंत माणूस लागायचा. गेलेल्या बाईची साडी घरच्यांकडून मागवायची, ती कोणाला तरी नेसवायची आणि समोर बसवायचं.

हे आईला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तिने सरळ नाही म्हटलं. काकू स्वतः आमच्या रेल्वे क्वार्टरवर आल्या. बाबा ट्रॅकवरून नुकतेच आले होते, बाहेर पाय धूत होते.

"मेलेल्या बाईची साडी माही पोर नाही नेसन," आई म्हणाली.

"कावून? साडी मेली नाही ना."

"तिच्या लग्नाचं पाहायचं आहे अजून."

"मी तुमच्या पोरीले त्या बाईचं काही देऊन नाही राहिली. पोरीचं त्या बाईले देऊन राहिली. नुकसान झालं तं तिचं होईन, तुमचं काय जाते?"

बाबा बाहेरूनच म्हणाले, "जाऊ दे वो. अभ्यास घेऊन जाईन अन बसन." आईने एक अट घातली की घरी आल्यावर आधी आंघोळ. ती अट मी शेवटपर्यंत पाळली.

अशी मी काकूंच्या चित्रांत गेले. भिलाई-दुर्गमधल्या काही घरांत भिंतीवर आजही माझे हात आहेत. चेहरा कुठेच माझा नाही.

बसायचं म्हणजे उत्तरेच्या खिडकीपाशी, लाकडी खुर्चीत. ती मागची खोली खरं तर मुलाची. तो नोकरीला बंगळुरूला गेल्यावर काकूंनी तिचा ताबा घेतला होता. खोलीत जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास भरलेला असे. काम सुरू करायच्या आधी त्या फरशी ओल्या फडक्याने पुसायच्या आणि खिडकीला भिजवलेली चादर लावायच्या, कारण आमच्याकडे हवेत प्लँटची बारीक काळी भुकटी कायम असते. वाळत टाकलेल्या कपड्यांवर बसते ती ओल्या रंगावर बसणार नाही का? ओली चित्रं काकू भिंतीकडे तोंड करून, जरा पुढे झुकवून उभी करायच्या, म्हणजे जे काही पडेल ते पाठीवर पडेल. खोलीत शिरलं की आधी सगळ्या पाठीच दिसायच्या. एवढी माणसं आपल्यावर रुसून बसली आहेत असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

मला झोप येऊ नये म्हणून त्या अभ्यास मोठ्याने वाचायला लावायच्या. आमच्या घरात बी.एस्सी. म्हणजे नक्की काय हे कोणाला माहीत नव्हतं, मलाही अर्धंच माहीत होतं. काकूंनी माझ्याकडून रक्ताभिसरण ऐकलं, पेशी ऐकल्या, बेडकाचं हृदय ऐकलं. मी समजावून सांगायला लागले की माझे हात आपोआप हलायचे.

"तोंडानं बोल, पोरी. हातानं नको बोलू."

"हो काकू."

"अन ते 'वगैरे' म्हनाली ते काय आहे? पुस्तकात तेच लिहिलं आहे का तुले येत नाही?"

मला येत नसायचं. पुढच्या रविवारी त्या तेच पुन्हा विचारायच्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी पांढऱ्या कॅनव्हासवर पातळ मातकट रंग फासून घ्यायचा. "पांढऱ्यावर माणूस काढला तं तो दवाखान्यात असल्यावानी दिसते." मग कोळशाने रेघा. मग सगळं चित्र नुसत्या करड्या रंगात. चेहरा, हात, साडी, सगळं राखेसारखं. ते सुकेपर्यंत हात लावायचा नाही. मग त्यावर पातळ रंग, पुन्हा सुकवायचं, मग जाड रंग, आणि दर थराला तेल थोडं वाढवायचं. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला तर काही वर्षांनी चेहऱ्याला भेगा जातात म्हणायच्या. ते करडं चित्र एकदा बाबांनी पाहिलं. मला घ्यायला आले होते. बराच वेळ पाहत राहिले आणि रस्त्यात म्हणाले, "आपन लोक मानसाची राख करतो. हे बाई राखेचा मानूस करते."

मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुह्या बापाले सांग, मानूस नाही, अर्धाच मानूस. बाकीचा घरचे लोक करतेत."

ऑर्डर घेताना त्यांचा एकच नियम होता आणि त्यावरून भांडणं व्हायची. लोक यायचे ते घरात सुतक असताना, आणि त्यांना चित्र तेरवीला पाहिजे असायचं. "तेरवीले फोटो लावा," काकू म्हणायच्या, "मी वर्षश्राद्धाले देतो." वर्षाच्या आत चित्र बाहेर जायचं नाही. या नियमामागे एक घडलेली गोष्ट होती. पूर्वी एका घरच्यांनी फारच विनवण्या केल्या म्हणून त्यांनी आजीबाईंचं चित्र लवकर देऊन टाकलं. वरून सुकलेलं दिसत होतं, आत ओलं होतं. घरच्यांनी हार घातला, उदबत्ती लावली आणि थोरल्या सुनेने अंगठा दाबून आजीबाईंच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. कुंकू रंगात बसलं. पुसायला गेले तर कपाळ निघालं. दुसऱ्या दिवशी चित्र रिक्षात घालून परत. काकूंनी ते पुन्हा केलं, नीट सुकवून दिलं आणि सुनेला बजावलं की टीका चौकटीच्या लाकडाला लावायचा. महिन्याभरात चित्र पुन्हा रिक्षातून आलं. सून म्हणाली, "लाकडाले टीका लावते का कोनी? सासू आत आहे ना."

"मंग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काय करीन? कपाळावर कुंकू मीच रंगवून देल्लं. म्हटलं, आता हे लावलेलंच आहे, हात नको लावू."

जिवंत माणसांचा तर त्यांना जास्त वैताग. एक फोरमनसाहेब रिटायर होताना चित्र काढून घ्यायला आले. समोर बसले आणि हळूच म्हणाले की केस थोडे दाखवाल का. काकूंनी ब्रश खाली ठेवला. "कोन्या सालचे दाखवू? साल सांगा, म्हंजे चेहराही त्याच सालचा काढतो. मंग रिटायर कोन होऊन राहिलं ते घरच्याले समजावून सांगा." फोरमनसाहेबांनी टोपी घालून चित्र काढून घेतलं आणि ते फार छान झालं.

भोयर काका या सगळ्यात कुठे होते? ते लाकडाच्या पट्ट्या कापून चौकटी जोडायचे, त्यावर कॅनव्हास ताणून ठोकायचे आणि जेवणाबद्दल तक्रार करायचे.

"आज वरनात टर्पेंटाइन आहे," ते ताटावरून म्हणायचे.

"काल नव्हतं का?"

"काल पोह्यात होतं."

पण काकूंच्या खोलीत पाय ठेवायच्या आधी ते चपलाच नाही, मोजेसुद्धा काढायचे. कॅनव्हास ताणताना एखादी सुरकुती राहिली तर काकूंनी सांगायच्या आधी स्वतःच सगळे खिळे उपटून पुन्हा ठोकायचे.

नागपुरे काका आले तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, दुर्गला राहायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं इतकं हळू की काकू म्हणायच्या, "गाडीले झेंडी दाखवत होते का कानात सांगत होते?" त्यांच्या पत्नी सुमित्राबाई पावसाळ्यात गेल्या होत्या. त्यांनी कोणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून सुमित्राबाईंपुरता भाग स्टुडिओतून मोठा करून आणला होता. डोक्यावर पदर, अर्धा चेहरा मांडवाच्या सावलीत. सोबत साडीची पिशवी होती, तीच साडी, डाळिंबी रंगाची, हिरव्या काठाची.

"आमचा एवढाच एक फोटो," ते म्हणाले. "ती फोटोला उभीच राहायची नाही."

फोटोत पदर उजव्या खांद्यावर होता. काकूंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "इकडल्या बायांवानी सीधा पल्ला घेत होत्या वाटते." नागपुरे काकांना विचारलं तर ते म्हणाले, "बायका घेतात तसाच घ्यायची." याच्या पलीकडे त्यांना साडीबद्दल काही सांगता येईना. आमच्या भागात हे नवल नाही. शेजारपाजार छत्तीसगढी आणि बिहारी, पदर मागून पुढे उजव्या खांद्यावर घेणाऱ्या बायका चारी बाजूंना, तर आपल्यातल्याही काही जणी तसाच घेतात. काकूंनी मलाही ती साडी तशीच नेसवली.

त्या साडीच्या चुण्या काही केल्या फोटोसारख्या येईनात. काठ फोटोत जिथे वळत होता तिथे माझ्या अंगावर वळेचना. काकू माझ्यावर चिडायच्या. "कॉलेजच्या पोरींले कंबरच नसते." मग स्वतः येऊन ओढायच्या, टाचण्या लावायच्या, पुन्हा खिडकीशी जाऊन पाहायच्या. शेवटी जमेल तेवढं जमवून त्यांनी काम पुढे नेलं. त्यांना ते आवडलेलं नव्हतं.

हिवाळ्यात चेहरा झाला. नागपुरे काका बघायला आले. हात मागे बांधून उभे राहिले.

"छान आहे," ते म्हणाले.

"पन?"

"नाही, पण काही नाही."

"पन म्हना ना जी. मी वाट पाहून राहिली."

ते एक पाऊल मागे सरकले. "सुमित्राची बहीण वाटते."

"बहीन होती त्याईले?"

"नाही. असती तर अशी दिसली असती."

त्या दिवसापासून घरात त्या चित्राचं नाव 'बहीण' पडलं. काकूंनी हनुवटी बदलली, भुवई बदलली, सावली हलकी केली. दर वेळी नागपुरे काका दुर्गहून यायचे, हात मागे बांधायचे आणि अपराध्यासारखे म्हणायचे की आता जवळ आली आहे. जवळ आलेली बहीणही बहीणच राहत होती. आणि या सगळ्यात भोयर काका रिटायर झाले. आता क्वार्टर सोडायचं होतं. काही महिन्यांची मुदत मिळाली, मे अखेरपर्यंतची. रायपूरच्या वाटेवर कुम्हारीला त्यांनी घर बांधून ठेवलं होतं, पण ते हायवेच्या कडेला. तिथल्या एका खिडकीत सकाळचं ऊन आणि दुसरीत ट्रकची धूळ. इथल्या उजेडात सुरू केलेलं चित्र तिथल्या उजेडात पुरं करायला गेलं तर अंगाचा रंग एकाचा आणि चेहऱ्याचा दुसऱ्याचा होतो, असं काकूंचं म्हणणं होतं. सुमित्राबाईंचं वर्षश्राद्धही जूनच्या शेवटी होतं. जे व्हायचं ते याच खोलीत आणि मे संपायच्या आत व्हायला हवं होतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी पुन्हा ती साडी नेसून बसले होते. काकू चित्राकडे पाहत नव्हत्या, फोटोकडेही नाही. माझ्याकडे पाहत होत्या. मग उठल्या.

"सोड ते साडी. उलटी नेस."

"उलटी म्हणजे?"

"निऱ्या दुसऱ्या बाजूनं खोच. अन पदर आपल्यावानीच घे, मागे सोड, पन उजव्या खांद्यावर. डावखुऱ्या बाईवानी."

मला जमेना. हात तिकडे वळतच नव्हते. त्यांनीच नेसवून दिली. आणि चुण्या आल्या. काठ फोटोत जिथे वळला होता तिथेच वळला, कमरेपाशी ताण पडला होता तिथेच पडला, एकही टाचणी न लावता. मी खाली पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मला हसू आलं. काकू खुर्चीवर बसल्या.

"कोनती बाई अशी साडी नेसन?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग फोन उचलला आणि नागपुरे काकांना पूर्ण फोटो घेऊन यायला सांगितलं.

ते संध्याकाळच्या आत आले. भिंतीवरून काढलेली काचेची फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. लग्नाचा घोळका, पुढे मुलं, मागे पुरुष, कडेला सुमित्राबाई. काकूंनी फ्रेम खिडकीपाशी धरली आणि एका पुरुषावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

"शर्टाचा खिसा कोन्या बाजूले असते जी?"

नागपुरे काकांचा हात आपोआप छातीच्या डाव्या बाजूला गेला, पेनवर. मग त्यांनी फोटोत पाहिलं. फोटोतल्या सगळ्या पुरुषांचे खिसे उजवीकडे होते. मागच्या रांगेत ते स्वतः होते, तरुण, पेन लावून. पेनही उजवीकडे. स्टुडिओवाल्याने पूर्वी कधीतरी निगेटिव्ह उलटी ठेवून छापली होती, आणि तो फोटो इतकी वर्षं घराच्या भिंतीवर होता.

"कोणाच्याच लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "माझ्यासुद्धा. मी तर त्यात बरोबरच दिसतो."

"तुम्ही सोताले आरशातच पाहता ना. तुमाले तुम्ही बरोबरच दिसान. त्याईले तुम्ही आरशात नव्हते पाहत."

त्यावर ते खाली बसले. त्यांना ग्लासभर पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर ते जे म्हणाले ते मला अजून आठवतं. "ताई, असू द्या आता. तुमची घर बदलायची गडबड. चेहरा तर तोच आहे, फक्त बाजू बदलली. मी हेच घेऊन जातो. सवय होईल."

"तुमचा डावा जोडा उजव्या पायात घाला," काकू म्हणाल्या, "अन दुर्गपर्यंत चालत जा. सवय झाली की मले फोन करा."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परस्पर गेले तर काकू रुंद ब्रशने बहिणीवर मातकट रंग फासत होत्या. डोळे आधीच गेले होते, हनुवटी उरली होती. भोयर काका दारात मोजे काढलेल्या पायांनी उभे होते.

"अवो, ठेवायचं होतं ना ते. नवीन नाही जमलं तं काय देशील त्याले?"

"म्हनूनच पुसून राहिली. हे असलं तं मन इकडंच पाहीन. म्हनन, आहे ना एक."

"क्वार्टरले महिनाच राहिला."

"कॅनव्हास ताना."

त्यांनी ताणला. त्या रात्री ते कमी बोलले असं काकूंनी नंतर सांगितलं, आणि वरणाबद्दलही काही बोलले नाहीत.

मे महिन्यातली भिलाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. घराघरांत कूलर लागतात. काकूंनी त्या वर्षी कूलर लावू दिला नाही. कूलरची ओली हवा रंग सुकू देत नाही आणि जाळीतून भुकटी आत येते. "ऊन आपल्या बाजूनं आहे," त्या म्हणायच्या. कोरड्या उन्हाने थर लवकर सुकत होते, एका थरातून दुसऱ्यावर जाता येत होतं. भोयर काका पंख्याखाली ओला टॉवेल डोक्यावर घेऊन सामान बांधायचे.

"चित्र सुकलं पाहिजे, मानूस सुकला तरी चालते," ते मला म्हणायचे, काकूंना ऐकू जाईल असं.

"तुम्ही कालपासूनच सुकले दिसता," आतून उत्तर यायचं.

माझी परीक्षा चालू होती. दोन पेपरांच्या मध्ये मी जाऊन बसायचे. या वेळी पदर सरळ होता, आपला, डाव्या खांद्यावर. खोलीतून एकेक वस्तू जात होती. आधी कपाट गेलं, मग पलंग, मग पुस्तकांची खोकी. पडदेही गेले. शेवटी ईझल, खुर्ची, रंगांचं टेबल आणि भिंतीला टेकलेल्या दोन-तीन पाठी एवढंच उरलं. काकू माझ्या हातांवर काम करायच्या आणि मी नसताना चेहऱ्यावर. चेहरा करताना त्यांना कोणी खोलीत चालत नसे. एकदा मी लवकर पोचले तेव्हा दार बंद होतं आणि आतून काहीच आवाज येत नव्हता. मी बाहेर ओट्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, तोंड धुतलं, आणि म्हणाल्या, "अजून नाही. आली होती, परत गेली." दुसऱ्या दिवशी पुन्हा दार बंद. मला वाटायचं की इतक्या उन्हात, इतक्या घाईत, एखाद्याने सोडून दिलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. नागपुरे काकांनी तर आधीच सोडून दिलं होतं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी नागपुरे काकांना बोलावलं. मी होते. आईही होती, निरोप घ्यायला आलेली. खोली रिकामी असल्यामुळे पावलांचे आवाज घुमत होते. काकूंनी चित्रावरून नजर न काढता एक पाऊल बाजूला घेतलं. नागपुरे काकांनी नेहमीसारखे हात मागे बांधले.

वरचा पंखा जोरात फिरत होता. माझं लक्ष नागपुरे काकांच्या हातांकडे गेलं. ते सुटले होते.

"पंखा जरा कमी करता का," ते भोयर काकांना म्हणाले. "तिला वारा सोसत नाही."

भोयर काकांनी पंखा कमी केला. आईने डोळ्याला पदर लावला. काकू एवढंच म्हणाल्या, "बसा जी," आणि खुर्ची पुढे केली. ते बसले, आणि आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत गेलो, जिथे बसायला आता काही नव्हतं.

जाताना त्यांनी चित्र मागितलं. काकू नाही म्हणाल्या. वरून ओलं होतं. वर्षश्राद्धाला जेमतेम सुकेल, ते कुम्हारीला येऊन घेऊन जावं, आणि त्या दिवशीही कपाळाला कोणी हात लावायचा नाही. नागपुरे काकांनी सगळं मान्य केलं. दारात ते माझ्यासमोर थांबले आणि माझ्या हातांकडे पाहून म्हणाले, "तुझे आभार, बेटा." मी नमस्कार केला.

मे संपताना टेम्पो आला. मी सायकलवर गेले होते. सामान चढलं, भोयर काका ड्रायव्हरशेजारी बसले. प्रश्न ओल्या चित्राचा होता. त्याला कापड गुंडाळता येत नाही, आडवं ठेवता येत नाही, उघडं ठेवलं तर धूळ. काकूंनी कोणाचंच ऐकलं नाही. त्या मागे, सामानात, ड्रायव्हरच्या काचेला पाठ लावून गादीच्या वळकटीवर बसल्या आणि चित्र स्वतःकडे तोंड करून समोर धरलं, चित्राची पाठ धुळीकडे. दोन्ही हातांनी दोन कडा. भोयर काकांनी समोरून ओरडून सांगितलं की हायवेपर्यंत तरी पुढे येऊन बस. त्या म्हणाल्या, "तुम्ही पुढं पाहा."

मी सायकलवरून मागोमाग निघाले, चौकापर्यंत. टेम्पो सावलीतून उन्हात आला. काकू चित्राकडे पाहत होत्या, वीतभर अंतरावर, आजूबाजूला काहीच नसल्यासारख्या. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी कोपराने ड्रायव्हरच्या मागची काच ठोकली.

"भैया, जरा रोकना."

टेम्पो भर चौकात थांबला. मागून एक बस आणि दोन मोटरसायकली हॉर्न द्यायला लागल्या. भोयर काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं चित्र पडलं. काकूंनी डाव्या गुडघ्याचा चौकटीला आधार दिला, उजवा हात सोडला, करंगळी पदराला पुसली आणि सुमित्राबाईंच्या ओठांच्या कडेला अगदी हलकी लावली. एकदाच. मग मान मागे नेऊन पाहिलं. हॉर्न वाजतच होते. त्यांनी हात पुन्हा कडेवर ठेवला.

"हाँ, चलो," त्या म्हणाल्या, आणि टेम्पो रायपूरच्या रस्त्याला लागला.